दादा, आज माणूस जिवंत वर आला

लाडक्या दादा,

आज दुपारी आमच्या कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीतून एक बेशुद्ध माणूस आम्ही वर काढला. जिवंत! आणि त्याला काढायला एकही माणूस आत उतरला नाही. ही बातमी सगळ्यात आधी कुणाला सांगावी असा विचार केला, तर तुझंच नाव आलं. म्हणून हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसून लिहितेय. घाईत गिरगटतेय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

सात वर्षांत तुला एक ओळही लिहिली नाही मी. खरं सांगू? राग होता तुझ्यावर.

तू गेलास तेव्हा दारात येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "राजू लय मोठ्या मनाचा. दोस्तासाठी जीव दिला." अंबडच्या त्या कारखान्यात तुझा जोडीदार संजय टाकीत कोसळला आणि तू शिडीवरून त्याच्यामागे उतरलास. तो गेला, तूही गेलास. मी तेव्हा केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला होते. मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटायचं, शूर कसला? वेडा होता माझा भाऊ! ज्या वायूने संजय पडला तो तिथेच होता ना अजून? तो तुला सोडणार होता का? एवढं साधं गणित तुला दिसलं नाही?

पण तू लहानपणापासून असाच. सायखेड्याला शेजारच्यांच्या विहिरीत शेळीचं करडू पडलं होतं, आठवतं? मोठी माणसं काठावर उभी राहून चर्चा करत होती, आणि तू दोराला धरून सरसर खाली! करडू खांद्यावर घेऊन वर आलास तेव्हा अख्ख्या गल्लीने टाळ्या वाजवल्या. मी तर तळहात लाल होईपर्यंत वाजवल्या. त्या टाळ्यांचाही मला नंतर राग यायचा. कुणीतरी त्या दिवशी तुझ्या कानाखाली वाजवायला हवी होती, असं वाटायचं.

तुमच्या त्या टाकीशेजारी चेन-ब्लॉक होता म्हणे. पंपाच्या मोटारी साखळीने उचलायचा. पंप वर काढायची सोय होती, माणसाला वर काढायची नव्हती! तुमच्या अंगाला ना पट्टा, ना दोरी. तुला बाहेर काढायला किती वेळ गेला ते मी आईला कधीच सांगितलं नाही.

मग मी काय केलं असेल? सेफ्टीचा डिप्लोमा केला. आई म्हणाली, "दुसरं कायबी शिक, पण ते नको." मी ऐकलं नाही. आपल्या घरात तुझ्यानंतर हट्टीपणा चालवायला कुणीतरी हवंच होतं ना!

आता मी सिन्नरकडच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. कांदा-लसणाची पावडर होते तिथे. कपडे कितीही धुतले तरी बसमधली बाई शेजारून उठून जाते. पण गंमत बाजूला. कांद्याच्या कारखान्यात नाकावर भरवसा ठेवता येत नाही. टाकीतला तो सडक्या अंड्याच्या वासाचा वायू कांद्याच्या वासात लपून जातो. आणि तो खूप वाढला, की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं. माणसाला वाटतं, हवा साफ झाली.

म्हणून मी आल्या आल्या तिपाई मागितली. तुला माहीत नसेल, सांगते. तीन पायांचा उंच स्टँड असतो, टाकीच्या बरोबर तोंडावर उभा करायचा. त्याच्या एका पायावर हाताने फिरवायचा विंच, म्हणजे तार गुंडाळायचा रहाट. विंचची तार वरच्या कप्पीवरून खाली येते आणि आत उतरणाऱ्याच्या हार्नेसला, म्हणजे अंगावर बांधलेल्या पट्ट्यांना, पाठीवरच्या कडीत अडकते. माणूस आत असेपर्यंत ती तार सुटत नाही. हँडलवरचा हात निसटला तरी ब्रेक लागतो आणि माणूस आहे तिथेच लटकून राहतो. माल उचलायचा विंच वेगळा, माणसाचा वेगळा. हे तर मी भिंतीवरच रंगवून घेतलंय.

आमचे प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाले, "मॅडम, पाच मिनिटांचं काम असतं. त्याला एवढं लटांबर?" मी म्हटलं, "सर, माझ्या भावाचंही पाच मिनिटांचंच काम होतं." त्यांनी मागणीच्या कागदावर सही केली. महिन्याभरात तिपाई आली.

विंचवर कुणाला बसवावं? पुरुष पुढे यायचे ते झटके देत हँडल फिरवायचे, ताकद दाखवायला. तेव्हा कांदा निवडणीच्या लाइनवरच्या शोभाताई म्हणाल्या, "मॅडम, मी बघू का? जल्म गेला माझा पाणी शेंदण्यात." त्यांचं पहिलंच फिरवणं बघितलं आणि माझा शोध संपला! एका लयीत, न थांबता, तारेवरून नजर न हलवता.

दर शनिवारी आम्ही सराव करायचो. वाळूने भरलेलं, हार्नेस घातलेलं एक बोचकं आत सोडायचं आणि वर काढायचं. कामगारांनी त्याचं नाव ठेवलं 'पाव्हणा'. "काय मॅडम, पाव्हणा आला का वर? चहा पाजा त्याला!" अशी टिंगल चालायची. मी हसायचे आणि घड्याळ लावायचे.

शोभाताई मात्र हसायच्या नाहीत. काम सुरू व्हायच्या आधी हातमोजे घालून अख्खी तार बोटांखालून काढायच्या. एकदा तारेला मुरड पडलेली सापडली, तर त्यांनी काम थांबवलं. मॅनेजर वैतागले. "अहो, एवढ्याशा वाकड्याने काय होतंय?" शोभाताई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुमी उतरता का हिच्यावर? मग मी सोडते." नवी तार येईपर्यंत टाकीचं झाकण उघडलं नाही.

तर आता आजचं.

टाकीतला पंप तुंबला होता. आत उतरणार होता काशिनाथ, चांदवडकडचा, आमचा जुना फिटर. त्याचा धाकटा भाऊ देवराम त्याच कारखान्यात आहे, तो वरून हत्यारं द्यायला होता. ब्लोअर लावून ताजी हवा आत सोडली. गॅसचं मीटर दोरीने वर, मध्ये आणि तळाशी सोडून वाचलं. सगळं ठीक. हार्नेस मी स्वतः ओढून बघितला, तार अडकवली, आत उतरायच्या परवान्यावर सही केली. काशिनाथ म्हणाला, "मॅडम, लगीन लावताना बी एवढं बांधलं नव्हतं मला!" आणि उतरला.

दहा मिनिटं छान गेली. मी दर मिनिटाला हाक मारत होते, तो "ओ" देत होता. मग त्याने पंपाखालचा गाळ उपसायला फावडं घातलं. तो गाळ कित्येक महिने निपचित पडलेला. त्याच्या पोटात काय दडलं होतं ते मीटरला वरून कसं कळणार? त्याच्या छातीवरचं मीटर किंचाळायला लागलं. मी ओरडले, "काशिनाथ, वर ये!" त्याने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. आणि गुडघ्यात मोडून बसला, दादा.

आता जे लिहिणार आहे ते फक्त तुलाच.

मी, सेफ्टी ऑफिसर, जिने या कारखान्यात शंभर वेळा सांगितलंय की कुणीही मागे उतरायचं नाही, त्या माझा एक पाय शिडीच्या पहिल्या पायरीवर होता! मी ठरवलं नव्हतं. पाय आपोआप गेला. खाली ओळखीचा माणूस पडलेला दिसतो ना, तेव्हा केमिस्ट्री कुठे जाते कोण जाणे.

"मॅडम, मागं व्हा!" शोभाताईंचा आवाज आला. "मी हाय ना हँडलवर! तार हाय त्याला!"

मी मागे झाले. आणि तेवढ्यात देवराम "भाऊ!" म्हणून धावला. त्याला मी दोन्ही हातांनी कमरेला धरलं. तो माझ्याहून दुप्पट आहे अंगाने. "सोडा मॅडम, माझा भाऊ हाय तो!" मी त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन ओरडले, "माझाही भाऊच होता देवराम! तो उतरला आणि दोघं मेले! तुला भाऊ पायजे का? मग तो ब्लोअरचा पाइप धर, वाकडा होऊ देऊ नको!" तो थबकला. मग त्याने पाइप धरला, रडत रडत, पण घट्ट धरला.

विंच फिरत होता. कट, कट, कट, कट. त्या आवाजाइतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलं नाही. तार ताणली गेली, काशिनाथचे खांदे उचलले गेले, पाय गाळातून सुटले. अर्ध्यात आला आणि थांबला! खांदा पंपाच्या पाइपाखाली अडकला होता. तिथे जोर लावला असता तर? खांदा तरी गेला असता, नाहीतर हार्नेस. शोभाताईंनी जोर लावला नाही. "हातभर खाली सोडते. तुमी फिरवा त्याला." त्यांनी खाली सोडलं, मी लांब दांड्याच्या हुकाने हार्नेसचा पट्टा ओढून त्याला वळवलं. "घ्या!" मी ओरडले. पुन्हा कट, कट, कट. तोंडापाशी आल्यावर त्या हळू झाल्या, मी त्याचं डोकं सांभाळलं, आणि दोघा-तिघांनी त्याला बाजूला ओढून मोकळ्या हवेत आणलं.

मीटर वाजल्यापासून चार मिनिटंही झाली नव्हती.

श्वास चालू होता, पण उथळ. ऑक्सिजनचा मास्क लावला. देवराम जमिनीवर बसून "भाऊ, ओ भाऊ" करत होता. ॲम्ब्युलन्सचा आवाज रस्त्यावरून यायला लागला तेव्हा काशिनाथने डोळे उघडले. सगळीकडे बघितलं. मग पायांकडे बघितलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "माझा एक बूट कुठंय?"

दादा, अख्खा कारखाना हसला! रडत रडत हसला. जे मॅनेजर लटांबर म्हणाले होते, ते भिंतीला टेकून डोळे पुसत होते. देवरामने भावाच्या पायाला मिठी मारली, त्या बिनबुटाच्या, गाळाने भरलेल्या पायाला. आणि शोभाताई? त्या हँडलपाशीच उभ्या होत्या. मी जाऊन त्यांना मिठी मारली तर म्हणाल्या, "सोडा मॅडम, तार गुंडाळायची हाय." मग स्वतःच माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडल्या.

डॉक्टर म्हणतात, दोन दिवस ठेवून घेतो, पण धोका टळलाय. टाकी मी बंद करून सील केलीय. तो गाळ आता बाहेरूनच, मशीनने उपसायचा. तीच चूक झाली माझी आज. गाळ ढवळला की काय होतं, ते परवान्यात लिहायला हवं होतं. ती माझ्या नावावर आहे, आणि मी ती लपवणार नाही. विंच आणि हार्नेस तपासणीला पाठवलेत. एकदा खऱ्या माणसाचं वजन झेललं, की तज्ज्ञाने बघितल्याशिवाय पुन्हा वापरायचं नसतं.

मघाशी आईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या पोराची आई हाय का?"

"आहे. चांदवडला असते."

"नंबर दे मला तिचा. मी बोलते तिच्याशी."

काय बोलली असेल रे ती? मी विचारलं नाही. पण नंतर देवराम धावत आला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या आईनं आमच्या आईला जेवायला लावलं! बातमी कळल्यापासून पाण्यालाही शिवली नव्हती ती." सात वर्षांत पहिल्यांदाच आपल्या आईने दुसऱ्या कुणाला धीर दिला, दादा.

आणि तुझ्यावरचा माझा राग? तो त्या शिडीच्या पहिल्या पायरीवर संपला. मला वाटायचं तू विचार केला नाहीस. आज कळलं, त्या क्षणी विचार करायला कुणाला सवडच मिळत नाही. तो विचार आधीच कुणीतरी करून, टाकीच्या तोंडावर उभा करून ठेवावा लागतो. माझ्या मागे शोभाताई होत्या, हँडल होतं. तुझ्या मागे कुणीच नव्हतं रे! तू वेडा नव्हतास. मी तुला वेडा म्हटलं, मला माफ कर.

आता शेवटचं. तासाभरापूर्वी अंबडहून फोन आला होता. तुझ्याच कारखान्यातून. तिथे आता नवीन साहेब आहेत, त्यांच्या कानावर आजची बातमी गेली. म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे अजून काहीच नाही. येऊन शिकवाल का?" मी हो म्हटलं. शेजारी देवराम उभा होता, तो म्हणाला, "मला बी शिकवा, मी येतो." शोभाताईंना विचारायची गरजच नव्हती.

तेव्हा हा माझा शब्द, दादा. सोमवारी सकाळी मी त्या गेटमधून आत जाणार आहे. ज्या टाकीत तू उतरलास तिच्या तोंडावर भाड्याने आणलेली तिपाई उभी करणार आहे, आणि तिथल्या प्रत्येक माणसाच्या हातात विंचचं हँडल देणार आहे. त्या टाकीत यापुढे कुणी उतरलं, तर त्याच्या पाठीला तार असेल, आणि वर कुणीतरी दोन्ही पाय रोवून उभं असेल.

तुझी,
सुजी