रतनराणीचा मुराळी

देवगाव फाटा, आखाड सरत आला

चिरंजीव भुजंग यास धुरपताअक्काचा आशीर्वाद. आमी समदे बरे हाव. तू खुशाली कळवत न्हाईस, म्हंजी बराच असशील. आजारी असतास तर बहीण आठवली असती. तुझ्या बायकूला, चतुराला, आन लेकरांना इचारलं म्हणून सांग. म्हैस व्याली, रेडा झाला. आता मुद्द्याचं.

हिकडं विद्यापीठातून किशनराव नावाचे प्राध्यापक आले (त्याच विद्यापीठातून, ज्याच्या नामांतराचा निकाल अजून लागायचाय). संगं टेप. त्यांचं म्हणणं, जगातल्या मोठाल्या जुन्या पोथ्या आधी लोकांच्या तोंडातच होत्या, गाऊन गाऊन टिकल्या, आन लय वर्षांनी कुणीतरी कागदावर उतरवल्या. तशी त्यांना तुझ्यामाझ्या आईची रतनराणीच्या वनवासाची ओवी उतरवायची होती. मी म्हणलं घ्या की, आमचं काय जातंय.

टेप सुरू झाला आन माझं तोंड बंद. वट्ट्यावर नुसतं बसून ओवी येती व्हय? हाताला जात्याचा खुंटा लागल्याबिगर राणी वनात जातच न्हाई. गिरणी आल्यापासून जातं कोंबड्यांच्या डालग्यावर वजन म्हणून ठेवलेलं, ते काढलं. मोकळं फिरवावं तर दगडाला दगड घासतो. मग मी हरभऱ्याची डाळ घेतली. शेजारची केशरबाई तिची घेऊन आली (आयतं दळून निघतंय म्हणल्यावर सारी आळीच आली). माझ्यासमोर खुंट्याला कुणी बसंना, तर प्राध्यापकच बसले. राणी पहिल्या वनातून निघायच्या आत त्यांच्या तळहाताला फोड. पण माणूस गुणाचा, खुंटा सोडला न्हाई. बेसन लय बारीक निघालं.

आता तुला ठावं हाय, राणी शिवंवर माहेराहून न्यायला येणाऱ्या मुराळ्याची वाट बघती, तिथं गाणारीनं आपल्या भावाचं नाव घालायचं. केशरबाईनं तिच्या सितारामाचं घातलं आन त्याला फटफटीवर आणला. प्राध्यापक म्हणले, बाई, राणीच्या काळी फटफटी? ती म्हणली, येतो त्याच्यावरच, तर मी काय त्याला चालत आणू? मग माझी पाळी आली. भुजंगा, किती नागपंचम्या झाल्या, तू मला न्यायला आला न्हाईस. "एसटी हाय की, ये तूच," असा सांगावा धाडतोस. बिनमुराळ्याची ताडकळसला माहेरी गेले तर दोन्ही गावं हसतील. ते समदं पोटात होतं, जात्याबरुबर फिरलं आन तोंडातून पडलं:

रतनराणी उभी शिवंवर, ऊन आलं डोईवरी
भुजंग बंधू माझा, पत्ते कुटितो पारावरी

बाया हसून लोळल्या. प्राध्यापक मातर हरखले. म्हणले, बाकी समद्या ओव्यांत भाऊ येतो, हितं येत न्हाई, हा पाठ लय पुरातन दिसतोय. हा भुजंग कोणच्या घराण्यातला राजा? मी म्हणलं, ताडकळसच्या. त्यांनी लिहून घेतलं.

त्याचं आता पुस्तक निघणार. ओवी तोंडात असती तवर पिठासारखी, पाहिजे तशी मळावी. कागदावर गेली की भाजलेली भाकर, परत थापता येत न्हाई. पुढची शंभर वर्षं राणी उन्हात उभी आन तू पत्ते खेळायलास. मला वाईट वाटलं (थोडं).

तुझी अक्का,
धुरपता

ता. क. टेप लावून बघितला तर नुसती जात्याची घरघर. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी परत गायचंय. हितं न्हाई, ताडकळसला आईच्या जात्यावर, असं मी सांगून टाकलंय. चतुरानं ते जातं न्हाणीत पाय घासायला ठेवलंय, ते काढून धू. चार माणसांचा सैपाक, आन दळायची डाळ तुमची.

आणखी एक. प्राध्यापक म्हणले, मीच जीपमधी नेतो. मी म्हणलं, भाऊ असल्याबिगर पाय उचलायची न्हाई. तर म्हणले, मग मलाच भाऊ करा. किशनराव हे नाव ओवीत लय बेस बसतंय, मी म्हणून बघितलं. चवथीला तुझ्यासाठी उपास धरतेच. उपाशी बाईचं डोकं कसं असतं ते तुला ठावं हाय. दुपारपस्तोर वाट बघीन.

एसटीनं आलास तरी चालल. ओवीत मी तुला घोड्यावरच आणते.