मला पांढऱ्यातच पुरावं

मी, नॉ थॉ मे, कैलासवासी सॉ पा डो यांची मुलगी, अविवाहित, राहणार नदीअलीकडची निर्वासित छावणी, हे मृत्युपत्र राजीखुशीने करते. माझी तब्येत बिघडली आहे, बुद्धी नाही. ‘म्हातारीला भ्रम झाला होता’ असं उद्या कोणी म्हणेल, तर त्याने मी जिवंत असताना माझ्याशी भांडून बघायला हवं होतं.

१. झोपडी बांबूची, जागा छावणीची. त्यात माझं काही नाही. नदीपलीकडे, आमच्या देशात, वडिलांची सुपारीची बाग आहे. तिच्यात आता सैन्याची बराक आहे. तो हक्क मी सोडलेला नाही. बाग आणि कमरेला बांधून विणायचा माझा माग भाची नॉ ए मू हिला द्यावा.

२. डुकरीण माझ्या मातीच्या दिवशी कापावी. गावचे म्होरके सॉ क्ले से यांना जेवायला बोलवावं, पण दुसऱ्यांदा वाढू नये.

३. मला पांढऱ्या झग्यातच पुरावं. यात कोणी बदल करू नये. कारण लिहून ठेवते, नाहीतर माझ्यामागे लोक आपल्या सोयीने सांगतील.

मी तरुण होते तेव्हा सैन्य गावात शिरलं. पुरुष जंगलात लपले होते, म्हणून सैनिकांनी आम्हा पोरींना धरून नेलं. तांदूळ आणि तोफगोळे आमच्या पाठीवर. वाटेत सुरुंग असला तर आधी आमच्या पायाखाली फुटावा, म्हणून पुढे आम्ही. मुक्कामाला दोरीने बांधून ठेवत. तिथे आमच्यावर जे झालं ते करणाऱ्यांनी सांगावं. मी का सांगू?

पावसाळ्यात पहारा ढिला पडला तेव्हा आम्ही निसटलो आणि पळून चाललेल्या आपल्याच गावकऱ्यांना गाठलं. सॉ क्ले से यांच्या आईला चालवत नव्हतं. तिला माझ्या पाठीवरच्या टोपलीत बसवलं. मी तिला घेऊन डोंगर उतरले, नदी ओलांडली. तोवर माझ्या कपड्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

नदीच्या अलीकडे पोचलो आणि भात शिजायच्या आत सॉ क्ले से म्हणाले, “पोरी, हा पांढरा झगा आता उतरव. तो कुमारिकांचा. तू लग्न झालेल्यांसारखं रंगीत कुडतं-लुंगी घाल.”

“माझं लग्न कधी झालं, काका? मला कोणी कळवलं नाही ते.”

“जीभ आवर. पितर कोपतात अशाने.”

“तुमच्या आईला आणलं तेव्हा नाही कोपले?”

टोपलीतून म्हातारी म्हणाली, “क्ले, माझं मूत वाळलंय रे तिच्या पाठीवर. आणि तू कपडे बघतोस?”

त्यांनी आईचंही ऐकलं नाही. बाकीच्या पोरींनी मान खाली घालून कपडे बदलले. मी बदलले नाहीत. म्हणून लग्नाकार्यात मला मागे बसवलं, मागणी घालायला आलेल्यांना वाटेतूनच परतवलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय. ज्यांना लाज वाटायला हवी, ते माझ्या बापाच्या सुपाऱ्या खाताहेत.

४. माझ्या पेटीत पांढरे झगे आहेत. दरवर्षी एक विणत आले. ते माझ्याबरोबर नेलेल्या पोरींचे. आज त्यांना नवरे असोत, नातवंडं असोत, जिला शेवटी पांढरं हवं तिला द्यावं. का, म्हणून विचारू नये.

ठिकाण: निर्वासित छावणी, थायलंड. १७ नोव्हेंबर २००९.

सही: नॉ थॉ मे

साक्षीदार:

सॉ तामला, छावणीच्या शाळेतले मास्तर. यांनी हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं.

नॉ डे पो, माझ्याच दोरीला बांधलेली, आता आजी. सही करण्याआधी तिने पेटी उघडायला लावली, एक झगा अंगाला लावून पाहिला. मग सही केली आणि झगा घेऊन घरी गेली.