मायाक्काच्या लग्नाचा रंगीत रोल

२ मे १९७८, मंगळवार
रविवारी मैंदर्गीला मेहुणी मायाक्काचे लग्न. सासऱ्यांनी अक्कलकोटचा फोटोग्राफर ठरवला होता. मी निरोप धाडून तो रद्द करवला. ब्लॅक-अँड-व्हाइटचा जमाना संपला. आमच्या टॉवेल कारखान्यातल्या मडिवाळप्पाचा भाऊ कुवेतहून जपानी कॅमेरा घेऊन आलाय. तो चार दिवस मिळाला, सोबत एक कलर रोल. मुक्ता म्हणाली, तुम्ही आधी कधी फोटो काढलाय का. बायकोला नवऱ्याचे गुण सगळ्यात शेवटी कळतात.

८ मे
लग्न उत्तम. रोल छत्तीसचा, फोटो काढले एक्केचाळीस. हात हलका असला की रोल पुरतो. शेवटी दोनच फेऱ्यांत रिवाइंड झाला. सासूबाईंना, म्हणजे गोजाबाईंना, शब्द दिला, पंधरा दिवसांत फोटो. मायाक्काचा नवरा मिलिटरीत, तो तिला घेऊन जालंधरला निघालाही. सासूबाईंना लेक भिंतीवर तरी हवी आहे.

१० मे
चार स्टुडिओ फिरलो. कलर रोल इथे कोणी धूत नाही. मुंबईला पाठवू म्हणतात, महिना-दीड महिना. घरचे लग्न परक्याच्या हाती कशाला? स्वतः धुणार. मुंबईहून केमिकल मागवले.

१७ मे
पार्सल आले. इंग्रजी कागद दोनदा वाचला. पाणी अडतीस डिग्री लागते. थंड देशात बिचाऱ्यांना तापवावे लागत असेल. आपल्या गच्चीवरच्या टाकीत मे महिन्यात फुकट. कलर फोटोसाठी निसर्गाने सोलापूरच निवडले आहे. हे मुक्ताला समजावून सांगितले. ती तेव्हा धुणे धूत होती.

१८ मे
घरातला थर्मामीटर तापाचा. हिशोब केला. अडतीस म्हणजे शंभर पॉइंट चार. थोडक्यात, पाण्याला बारीक ताप हवा. सकाळी पारा हललाच नाही. दुपारी शेवटच्या रेघेला जाऊन चिकटला. मधला बारीक ताप केव्हा येऊन गेला ते कळले नाही.

२१ मे, रविवार
आज रोल टाकीत भरायचा होता. टाकी म्हणजे झाकणाचा डबा. एकदा झाकण लागले की उजेड चालतो, तोवर मिट्ट काळोख हवा. न्हाणीच्या दाराला आतून दोन चादरी ठोकल्या. उकाड्यामुळे कपडे बाहेर ठेवले, अंगावर चड्डी. दहा वाजता कडी घातली, रोल फोडला.

तेवढ्यात बाहेर आवाज. सासू-सासरे मैंदर्गीहून आले, फोटो बघायला! मुक्ताने सांगितले, अंघोळ करतायत.

फिल्म आतल्या चक्रीत जाईना. घामाने हाताला चिकटू लागली. दार उघडले तर लग्न जळणार, न उघडले तर मी शिजणार. साडेदहाला सासऱ्यांनी पाय धुवायचे आहेत म्हणून विचारले. अकराला सासूबाई दाराशी येऊन, घेरी-बिरी आली का बघ गं, म्हणाल्या. मी आतून खोकलो. सव्वाअकराला चक्री जमली. माझ्या बोटांत उपजत कसब आहे. टॉवेल गुंडाळून बाहेर आलो आणि तसाच दोघांच्या पाया पडलो. फोटो होईस्तोवर ते राहणार आहेत.

२२ मे
कारखान्यात रजा. नऊ चाळीसला पाणी बरोबर शंभर पॉइंट चार. सगळे घड्याळ लावून केले.

अकरा वाजता : रोल बाहेर काढला. या टोकापासून त्या टोकापर्यंत नारिंगी. माणूस एकही नाही. कडेला कंपनीने छापलेले आकडे मात्र सुरेख उमटले आहेत. म्हणजे धुण्यात चूक नाही. ही नोंद महत्त्वाची. बाहेर सांगितले की वाळायला वेळ लागतो.

संध्याकाळी : दिवसभर खोलीत बसून वाळवला. सासूबाई दोनदा चहा देऊन गेल्या. त्यामुळे जास्तच अवघड. शेवटी मडिवाळप्पा चार दिवसांच्या बोलीवर दिलेला कॅमेरा न्यायला आला आणि त्याने रोल दिव्यापुढे धरला. सगळ्यांदेखत म्हणाला, रोल आतल्या खिळीला अडकलाच नव्हता, पुढे सरकलाच नाही. मुक्ता उठून आत गेली. मी यंत्राच्या दोषाबद्दल बोलायला लागलो, पण कोणी ऐकत नव्हते.

२३ मे
सासू-सासऱ्यांना एसटीवर पोचवायला गेलो. माफी मागायचे ठरवले होते, पण उन्हाळ्याबद्दल बोलत राहिलो. गाडी लागल्यावर गोजाबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"असू द्या जावईबापू. आमी समद्यांनी लगीन डोळं भरून बगितलंय की. तुमीच तेवढं एक डोळा झाकून हुता."

गाडी गेली. घरी येऊन नवा निश्चय केला. फोटो नाही तर नाही, सगळे लग्न शब्दांत लिहून सासूबाईंना पाठवायचे. कोरा कागद घेतला. लिहिले : 'मायाक्का मांडवात आली तेव्हा तिने'

शालू कोणत्या रंगाचा होता ते आठवेना.

मुक्ता स्वयंपाकघरात आहे. कालपासून बोललेली नाही. विचारून येतो.

पाऊण तासाने : अजून इथेच बसलो आहे.