अण्णांच्या पेल्यातला बर्फ

५ एप्रिल १९३७, सोमवार
सातवीला पाणी आणि बर्फ. अण्णांसाठी कॅम्पातल्या कारखान्यातून बर्फ येतो, त्यातला तुकडा भुशात गुंडाळून शाळेत नेला. वाटेत निम्मा गेला. उरलेला घंगाळात तरंगला, मुली खूश. उचगावची गोदी म्हणाली, "बाई, ह्यो बुडत असता तर?"
सांगितलं, थंड मुलखातली तळी तळापासून गोठत वर आली असती. उन्हाळ्यातही खालचा बर्फ विरघळला नसता. मासे जगलेच नसते.
"म्हंजे वरनं नुसतं पाणी दिसलं असतं, आन् खाली बर्फ साचतच गेला असता?"
व्हय म्हटलं. पोरगी हुशार.

७ एप्रिल
अण्णा कोर्टातून आले, ओसरीवर बसले. पोटाच्या औषधाचा पेला वहिनींनी आणून दिला. काचेचा, आत पाण्यासारखं स्वच्छ. मी भाजी निवडत होते. बर्फ तळाशी!
अण्णांनी वरून तांब्यातलं पाणी ओतलं, तसा तुकडा हळूहळू वर आला. मी बघत होते हे त्यांनी पाहिलं का? कळलं नाही.
पाण्याहून इतकं हलकं कसलं औषध? एकच माहीत आहे. पण अण्णा? माझे थोरले भाऊ? छे.

८ एप्रिल
वहिनींना सहज विचारलं, औषध कुणाचं? "वडगावच्या वैद्याचं." दिवाळीत शहापूरचा वैद्य म्हणाल्या होत्या. पेला स्वतः विसळतात, मोलकरणीला हात लावू देत नाहीत. हे आजच ध्यानात आलं. का माझंच मन वाईट?

११ एप्रिल, रविवार
दारूबंदीची सभा. अध्यक्ष नेहमीप्रमाणे अण्णा. छान बोलले. एक विणकर उठला, पोराच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं शपथ घेतली, अण्णांच्या पाया पडला. अण्णांनी त्याला उठवून पोटाशी धरलं. बायका डोळे पुसत होत्या. मी अण्णांच्या बोटांकडे बघत होते. थरथरत होती. उन्हानं असेल.

१३ एप्रिल
वहिनी देवळात गेल्या तेव्हा कपाट उघडलं. औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी नाही. वाटीत थोडं ओतून काडी लावली. निळी ज्योत.
मागे वहिनी. कधी आल्या कोण जाणे.
"विझवा ते, वन्सं."
वाटीवर ताटली झाकली. दोघी तिथंच खाली बसलो.
"कधीपासून?"
"आपला बाळू गेला, तवापासनं."
बाळू म्हणजे त्यांचा थोरला. पटकीत गेला, सहा वर्षांचा.
"आणतं कोण?"
"मीच आणवते. घरात गावलं की भाईर जात न्हाईत." मग माझा हात धरला. "तुम्ही बोलला तर सभा बी जाईल, माणूस बी जाईल."
बोलणार नाही म्हटलं. पण तो विणकर? त्याला कोण सांभाळणार?

१५ एप्रिल
जेवताना अण्णा: "निपाणीच्या मुलींच्या शाळेत हेडमिस्ट्रेसची जागा आहे. तुझं नाव सुचवलंय."
हीच जागा गेल्या वर्षी मी मागितली तेव्हा म्हणाले होते, "एकटी बाई परगावी कशी राहील, कमळ?" आज म्हणाले, काळ बदललाय. एका वर्षात?
वहिनींना गाठलं. "तुम्ही सांगितलंत त्यांना?"
"माझ्या तोंडातनं शब्द गेला न्हाय." पण बघत होत्या चुलीकडे.

१६ एप्रिल
निपाणी मला हवीच होती. स्वतःची शाळा, स्वतःची खोली. आज मिळतेय तर कडू लागते. आनंद झालाय असं अण्णांना वाटावं म्हणून हसले. तेही हसले. दोघंही कुणाला फसवत होतो?
मी गेल्यावर वहिनी ह्या घरात एकट्या.

१८ एप्रिल, रविवार
सकाळी अण्णा ओसरीवर पेपर वाचत होते. "निपाणीला उद्या कळवायचंय. जाणार ना?"
रात्रभर घोळवलेलं तोंडातून निघून गेलं. "अण्णा, मला पाठवताय का घालवताय?"
पेपराची घडी घातली. पुन्हा उलगडली. "तुला काय वाटतं?"
"तुम्ही सांगा."
"तू लहान होतीस तेव्हा इतके प्रश्न विचारत नव्हतीस गं." एवढंच. आवाज मायेचा होता. मायेचाच होता बहुतेक. उठून आत गेले, जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून.
दुपारी परसात आले तर माझी प्रवासाची वळकटी उन्हात घातलेली. वहिनी काठीनं गादी झोडत होत्या.
मी अजून हो म्हटलेलं नाही.