भुलाबाई पांदणीने निघाली

बोरखडी, ता. चांदूर रेल्वे
२५ ऑगस्ट २०२५

ती. सौ. ज्योत्स्नाताईंस,
संध्याचा सा. न. वि. वि.

घरात फोन असताना पत्र कशाला, असे तुम्ही म्हणालच. पण तुमच्या आई फोन स्पीकरवर लावतात आणि आपण नणंद-भावजय काय बोललो ते चहा व्हायच्या आत गावभर होते. म्हणून हा खटाटोप.

पहिली बातमी अशी की मी सायकल शिकून राहिले. हसायचे तेवढे हसून घ्या. साडी खोचून, आचलची जुनी सायकल घेऊन रोज पांदणीत जाते. काल मैनाबाईच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात जाऊन पडले. मैनाबाई धावत आल्या, मी खूश झाले, तर त्या आधी कोथिंबीर चाचपू लागल्या.

पांदण म्हटल्यावर तुम्ही चमकला असाल. तुम्ही लहानपणी जिच्यातून पायी चांदूरच्या शाळेत जात होता तीच ही, दोन बाजूंच्या शेतांच्या धुऱ्यांमधली, बांधांमधली वाट. इतकी वर्षे बाभळींनी गिळली होती. यंदा साऱ्या गावाने मिळून काटे तोडले, मुरूम टाकला. आता तिथून चांदूर इतके जवळ की निघाल्यासारखे वाटत नाही तोच पोचावे. फक्त मधला एक तुकडा बंद आहे. तो कोणाचा, हे सांगायलाच नको. तुमचे चुलतभाऊ भगवंतभाऊजी. त्यांच्या संत्र्याच्या बगिच्यापाशी त्यांनी पांदणीवरच लोखंडी फाटक लावले आणि कुलूप घातले. म्हणतात, रस्ता उघडला की येणारा-जाणारा संत्री तोडणार. सगळ्यात चांगला मुरूम मात्र त्यांच्याच तुकड्यावर, कारण तिथून त्यांचा ट्रॅक्टर जातो.

आता खरी गोष्ट. आचलला चांदूरच्या कॉलेजात अकरावीला घातले आहे. डांबरी रस्ता लांबचा, त्यावर टिप्परची रांग, तिथे पोरीला सायकलवर कसे पाठवावे? हे मोटारसायकलने सोडतात. पण दिवाळीनंतर कापूस वेचणीला आला की यांना उसंत नाही. यांनी सांगून टाकले की तोवर पांदण मोकळी झाली नाही, तर आचलला अकोल्याला ताईकडे ठेवायचे. तुमच्याकडे ती सुखात राहील हे मला ठाऊक आहे. पण ताई, माझी एकच पोरगी आहे आणि दोन वर्षांनी ती तशीही जाणारच आहे. ही दोन वर्षे मला हवी आहेत.

हे भाऊजींकडे बोलायला गेले आणि भांडून आले. आता दोघे एकमेकांना पाहून रस्ता बदलतात, आणि रस्ता तर एकच आहे.

काही सुचले तर कळवा. लोभ आहेच, मी पडले तरी तो उभा राहू द्यावा.

तुमची,
संध्या

•

जठारपेठ, अकोला
२ सप्टेंबर २०२५

चि. सौ. संध्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले की शेजारीण विचारायला आली. कोथिंबिरीबद्दल मैनाबाईची माफी माग.

इकडे आम्ही सकाळी फिरणाऱ्या बायांनी रविवारी कोणी गाडी काढायची नाही असे ठरवले आहे. पहिल्या रविवारी आमचे हे दूध आणायला पायी गेले आणि घरी येऊन जणू गड जिंकला अशा थाटात खुर्चीत बसले. त्याच भरात आम्ही कॉलनीतल्या जिन्याखाली गंजत पडलेल्या सायकली मागून आणल्या, दुरुस्त करून घेतल्या, आणि त्या सगळ्या मी बोरखडीच्या पोरींसाठी टेम्पोने पाठवते आहे. एका सायकलची घंटी कोंबड्यासारखी आरवते. ती तू घे.

आता भगवंताचे. तो लहानपणापासून असाच आहे, बोरं खिशात ठेवून झोपायचा. भांडून तो ऐकायचा नाही, अर्ज केलास तर मोजणीला वर्ष जाईल. पण येत्या पौर्णिमेला भुलाबाई बसते. पोरी रोज संध्याकाळी भुलाबाईची मातीची मूर्ती घेऊन घरोघर गाणी म्हणत जाणार, घरवाली खिरापत डब्यात लपवून ओळखायला लावणार. आपल्या गावची रीत तुला माहीतच आहे. खिरापत ओळखल्याशिवाय भुलाबाई उठत नाही, आणि घरवाल्यांनी कंटाळून डबा स्वतः उघडला तर ते हरले, मग पोरी मागतील ते द्यावे लागते. तू भुलाबाई भगवंताच्या बगिच्यातल्या घरी ने. आणि पोरींना बजावून ठेव, काही झाले तरी ओळखायचे नाही. लाडू असला तर चिवडा म्हणा. भगवंताला जेवण उशिरा झालेले चालत नाही. तो डबा उघडेल, तुम्ही फाटक मागा.

बाकी ठीक. पोरं पुण्याला गेल्यापासून रिकामी पडलेली मागची खोली रंगवून घेतली. खिडकीशी एक टेबलही ठेवले. सहजच.

आईला नमस्कार सांग, पण बेत सांगू नकोस, ती पोटात काही ठेवत नाही. ममता आहे ती वाढत राहो.

तुझी,
ज्योत्स्नाताई

•

बोरखडी
१५ सप्टेंबर २०२५

ती. सौ. ताईंस,
सा. न. वि. वि.

सायकली पोचल्या. गावात जत्रा भरली आहे. कोंबड्याची घंटी मी घेतली, आणि मैनाबाईचा खरा कोंबडा तिला उत्तर देतो.

आता तुमच्या बेताचे काय झाले ते ऐका, पण बसून ऐका.

शुक्रवारी आम्ही भुलाबाई घेऊन भाऊजींच्या बगिच्यात गेलो. साऱ्या पोरी, अर्ध्या बाया, आणि आम्ही नको नको म्हणत असताना तुमच्या आई. गाणी झाली. जाऊबाई बेबीताईंनी डबा आणून वाजवला. मी पोरींकडे डोळे वटारले. आचल म्हणाली साबुदाणा. दुसरी म्हणाली उसाचे कांडे. एकीने तर वरणभात म्हटले. भाऊजी ओट्यावर बसून चुळबुळ करू लागले, एकदा आत जाऊन चुलीवरचे झाकण उघडून आले. मी मनात म्हटले, ताई, तुम्ही थोर आहात.

आणि तेवढ्यात तुमच्या आई उठल्या. साऱ्या आयुष्यात त्या खिरापत ओळखण्यात कधी हरल्या नाहीत, आणि आजकालच्या पोरींना काहीच कसे येत नाही म्हणून त्या केव्हाच्या तापल्या होत्या. डबा कानाशी धरला, एकदा हलवला आणि सांगितले की या तिळाच्या वड्या आहेत आणि त्यात गूळ जास्त झाला आहे. बेबीताईंचा चेहरा पडला. गूळ खरेच जास्त झाला होता. माझा चेहरा कुठे पडला ते मी शोधून राहिले.

वड्या वाटल्या, खाल्ल्या, संपले सगळे. मी पोरींना परत फिरा म्हटले, तर आई माझ्यावरच ओरडल्या. भुलाबाई काय आल्या पावली वापस जाते काय, म्हणाल्या, ती पुढच्या घरी जाते, इतकंही तुले समजत नाही काय. आणि पुढचे घर म्हणजे मैनाबाईचे, वाफे फाटकाच्या अलीकडे आणि घर पलीकडे. मग त्यांनी भाऊजींकडे पाहिले आणि विचारले, काहून रे भगवंता, देवी काय तारेवरून उडी मारून जाईन काय? ताई, आईंना बेताचे काही माहीत नव्हते. भाऊजींनी मुकाट्याने किल्ली काढली.

आम्ही गात गात पलीकडे गेलो, बेबीताईही संगे आल्या. त्या बगिच्यात राहायला आल्यापासून कधी फाटकापलीकडे गेल्या नव्हत्या. मैनाबाईच्या अंगणातून चांदूरच्या स्टेशनात शिरणारी गाडी दिसली, तर त्या पाहतच राहिल्या. मले वाटे चांदूर लय लांब आहे, असे म्हणाल्या.

पण शनिवारी सकाळी पाहते तर फाटकाला कुलूप. भाऊजी म्हणाले, देवीसाठी उघडलं होतं, तुमच्यासाठी नाही. मी घरी येऊन रडले. आचल म्हणाली, आई, अकोला काय अमेरिकेत आहे काय. ते ऐकून आणखी रडले.

दिवाळी जवळ येते आहे. माया असू द्या, तिची सध्या मला गरज आहे.

तुमची,
संध्या

•

अकोला
२२ सप्टेंबर २०२५

चि. सौ. संध्यास,
अनेक आशीर्वाद.

आईने घोटाळा केला ते वाचून मी पोट धरून हसले. पण कुलूप पुन्हा लागल्याचे वाचले तेव्हा काय झाले तेही लिहिते, कारण हे फोनवर मला बोलता आले नसते. मला आनंद झाला. क्षणभरच, पण झाला. म्हटले, आता आचल येते. खिडकीला पडदे कोणत्या रंगाचे लावावेत इथपर्यंत मी पोचले होते. मग तुझी ती रडण्याची ओळ पुन्हा वाचली आणि स्वतःचीच लाज वाटली.

फाटक उघडलेच पाहिजे, त्यासाठी मी भगवंताच्या दारात येऊन बसायलाही तयार आहे. पण नाही उघडले तर मला फार वाईट वाटणार नाही, हे तुला माझ्याच तोंडून कळलेले बरे. रागावलीस तर रागव.

आचलने इथून कॉलेजला जावे म्हणून मी एक लाल सायकल घेऊन ठेवली होती. ती उद्या टेम्पोने पाठवते. इथे ठेवली तर माझे मन वाकडे चालत राहील.

तुझी,
ज्योत्स्नाताई

•

बोरखडी
१ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. ताईंस,
सा. न. वि. वि.

रागावले नाही. तुमच्या जागी मी असते तर पडदे लावूनही झाले असते.

आता ऐका. त्या शुक्रवारच्या दुसऱ्याच दिवसापासून बेबीताई रोज दुपारी, भाऊजी झोपले की, मागच्या धुऱ्याने माझ्याकडे येत होत्या. सायकल शिकायला. मला शपथ घातली होती म्हणून लिहिले नाही. मी स्वतः पडत पडत त्यांना शिकवत होते, म्हणजे आम्ही दोघी मिळून पडत होतो. सोमवारी सकाळी त्यांनी किल्ली घेतली, फाटक उघडले आणि चांदूरच्या बाजारात निघाल्या. भाऊजी मागून ओरडत धावले. तेवढ्यात सायकल डुगडुगली, आणि भाऊजींनी जाऊन कॅरिअर धरले. मग सोडवेना. सोडले तर बायको पडेल. तसेच धरून ते धावत राहिले, आणि पांदणीच्या दोन्ही बाजूंना आपापल्या शेतात कामाला असलेला सारा गाव उभा राहून पाहत होता. ह्यांनी तर टाळ्या वाजवल्या. भाऊजींना धाप लागली, तरी ह्यांच्याकडे पाहून हसले. दोघे बोलते झाले.

परत आल्यावर भाऊजींनी संत्र्यांचा विषय काढला. बेबीताई म्हणाल्या, रोज या पांदणीनं मीच येईन-जाईन, राखणीले आणखी कोण पाहिजे तुमाले? काल भाऊजींनी फाटक उपटून गोठ्याला लावले.

आज आचल लाल सायकलवर एकटी कॉलेजला गेली. मी धुऱ्यावर उभी होते. बगिच्याच्या वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मी टाचा उंचावून पाहिले, आणि लगेच इतके हसू आले की मैनाबाईंनी विचारले, काय झाले.

संध्याकाळी पोरगी वेळेवर घरी आली. जेवताना तिने सहज सांगितले की पांदण चांदूरच्या स्टेशनामागेच निघते. शनिवारी कॉलेज सुटले की सायकल स्टेशनवर लावायची आणि अकोल्याच्या गाडीत बसायचे, रविवारी संध्याकाळी परत. दर शनिवारी. कोणी सोडायला नको, कोणी आणायला नको. आत्याकडे जाण्यासाठी आता कोणाला विचारायचे कारणच उरले नाही, असे म्हणाली आणि आणखी एक भाकर मागितली.

तेव्हा येत्या शनिवारी ती येते आहे. तुम्ही स्टेशनवर जाल हे मी ओळखून आहे, पण जाऊ नका. तिचा निरोप आहे, आत्याले सांग, मी पायी येतो. तुम्ही दारात उभ्या राहा आणि तिला गल्लीतून एकटी चालत येताना पाहा. मी इथून तिला जाताना पाहीन.

तुमची,
संध्या