आधी दिवा लावा

प्रिय धाकटे,

माझ्यामुळे एका बाईचा स्वेटर फसला, म्हणून हे पत्र लिहिते आहे. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस आणि मी तुला. तेव्हा कागद बरा.

निवृत्त झाल्यापासून मी ज्या मंडळाचं काम करते, त्याला तू 'ताईची मोबाइल शाळा' म्हणतेस. आज नीट ऐक. ज्यांना दिसत नाही ती माणसं फोनचा कॅमेरा एखाद्या वस्तूवर धरतात आणि बटण दाबतात. आमच्यापैकी जो मोकळा असेल त्याचा फोन वाजतो. त्याने समोर काय दिसतं ते सांगायचं. मालक नाही, पगार नाही; ऐंशी-नव्वद जण मिळून चालवतो, नियमही आम्हीच करतो. नव्यांना शिकवण्याचं काम माझ्याकडे.

पहिल्या दिवशी मी स्वतःच नापास झाले होते. एका काकांचा फोन आला, समोर नुसता काळोख. मी त्यांना पाच मिनिटं कॅमेरा पुसायला लावला. शेवटी तेच म्हणाले, "बाई, दिवा लावायचा राहिला असेल हो. मला लागत नाही, म्हणून विसरतो." तेव्हापासून माझा पहिला धडा तोच: आधी दिवा लावायला सांगा. मग कॅमेरा पुसणं, मग फोन हातभर लांब. जे दिसतं ते आधी, जे वाटतं ते नंतर. औषध रंगावरून कधीच सांगायचं नाही. पाकिटावरचं नाव अक्षर अक्षर वाचायचं, आणि वाचता येत नसेल तर तसं सांगून मोकळं व्हायचं. कोणी बँकेचं कार्ड समोर धरलं तर 'मी परकी बाई आहे, ते आत ठेवा' असं दटावायचं. मी दटावते. त्यात माझा हात कोणी धरत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.

तर ती स्वेटरवाली. जन्मापासून दिसत नाही, विणकामाच्या ऑर्डरी घेते, टाके असे की मशीनने लाजावं. मागच्या महिन्यात तिच्या दोन पिशव्या एकमेकींत मिसळल्या, पांढरी लोकर आणि फिकट पिवळी. एकेक गुंडा तिने कॅमेऱ्यासमोर धरला आणि मी ठणकावून सांगत गेले: पांढरा, पांढरा, पिवळा. बावीस गुंडे. तिने विणला, गिऱ्हाइकाने उलगडला, आणि बाह्या एका रंगाच्या, पाठ दुसऱ्या. ऑर्डर हातची गेली. त्या गिऱ्हाइकाने ओळखीच्या आणखी दोघींनाही सांगितलं. तिने मला फोन केला तो भांडायला नव्हे. म्हणाली, "ताई, एवढंच सांगा, तुम्ही घाईत होता का? घाई असेल तर मी समजू शकते."

मी घाईत नव्हते. ते मला जास्त लागलं. मग झालं तरी काय, हे शोधल्याशिवाय मला चैन पडेना.

आधी फोनवर संशय घेतला. डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पडदा पिवळसर करण्याची एक सोय असते, ती चालू निघाली. चोर सापडला म्हणून मी खूश. (तुझ्याही फोनवर असेल, रंग बघताना बंद कर.) बंद केली, तिच्याकडून दोन गुंड्यांचा फोटो मागवला. मला दोन्ही सारखे. शेजारणीच्या फोनवर बघितला, सारखे. औषधांच्या दुकानात गेले, तिथला मुलगा मान वर न करताच म्हणाला, "आजी, हा पांढरा, हा पिवळा. यात विचारायचं काय?" घरी येऊन कोरा कागद धरला आणि एकेक डोळा झाकून पाहिला. उजव्याला कागद मळका. डाव्याला त्याहून मळका, शिवाय फरशीच्या सरळ रेषा मधोमध वाकलेल्या. फोन निर्दोष सुटला.

आता तुझ्याविषयी. गिरणीच्या रंगखात्यात तू तीस वर्षं काढलीस. खिडकीच्या उजेडात लडी धरून 'ही अर्ध्या छटेने चुकली' म्हणायचीस आणि साहेब रंगाची अख्खी टाकी ओतून द्यायचे. मी मात्र पाहुणे आले की तुला निळे हात मागे घ्यायला सांगायचे. पदवीचा माज होता, दुसरं काय. ते चुकलंच माझं.

डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, दोन्हीकडे. इंजेक्शनं देऊन वेग कमी करता येईल, पण गेलेलं परत येणार नाही. वर्षा-दोन वर्षांत वाचन सुटेल. घरात कुणाला सांगितलेलं नाही, तूही रडत येऊ नकोस. मला फक्त एवढं हवं आहे की मी बटण दाबीन तेव्हा पलीकडे निदान एक जण तरी असा असावा, जो मला बरं वाटावं म्हणून पिवळ्याला पांढरं म्हणणार नाही. पहिलं काम त्या विणकरणीचं घे. मी तिला खरं कारण सांगितलं आहे. ती म्हणाली, "मग बहिणीला लवकर पाठवा."

तुझीच,
ताई

सोबत पाठवले: नियमांची वही, एक. विणकरणीचा नंबर, वहीच्या शेवटच्या पानावर. मंडळाच्या कामाचा पासवर्ड पत्रात लिहिलेला नाही, भेटीत तोंडी सांगेन. तूही कुठे लिहू नकोस. मंडळाच्या यादीत आज केलेले बदल: सांगणाऱ्यांतून माझं नाव काढलं, तिथे तुझं घातलं. माझं विचारणाऱ्यांत घातलं.