रोटीच्या माळावरची खानेसुमारी

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

मु. बिरोबावाडी, पो. कुरकुंभ, ता. दौंड
माघ वद्य तृतीया, शके १८९६

राजमान्य राजश्री शंकरराव व्याहीबुवा, मुक्काम निमोणे, तालुका शिरूर, यांस रखमाजीचा दोन्ही हात जोडून रामराम.

इकडं देवाच्या दयेनं माणसं, गुरं आणि विहिरीतलं पाणी अशी तिन्ही ठीक आहेत. आपला गुडघा कसा आहे? त्यावर रुईचा चीक लावता असं ऐकलं. आमचं कुटुंब अनसाबाई म्हणते, चिकानं कातडं जाईल आणि दुखणं राहील, त्यापेक्षा एरंडाचं पान गरम करून बांधावं. (तिला माझ्या गुडघ्याची एवढी काळजी कधी वाटली नाही, पण व्याह्याच्या गुडघ्याची गोष्ट वेगळी.) विहीणबाईंना नमस्कार. ललितेला आशीर्वाद. पोरीचं काही चुकलंमाकलं तर पदरात घ्यावं.

आपलं कार्ड पोचलं. धुळवडीला आपण बंदूक आणि चार मित्र घेऊन येणार, शेजारच्या रोटी गावच्या माळावर हरणाची शिकार करणार आणि तीन दिवस मुक्काम ठेवणार, हे वाचून फार आनंद झाला. आनंद झाला आणि पाठोपाठ कार्ड मी देवामागं सरकवलं. कारण याचं मूळ माझ्याच जिभेत आहे. सुपारी फुटली त्या दिवशी आपण मिशीवर हात फिरवत मला विचारलं होतं, तुमच्याकडं शिकार कशी काय? आता आमच्या बरड माळावर पाहुण्याला मोठेपणानं दाखवावं असं काय आहे? ऊस नाही, बागा नाहीत, देऊळ आहे तर त्याला कळस नाही. पोरीच्या बापाची मान खाली जाऊ नये म्हणून मी बोलून गेलो की, हरणं म्हणाल तर आमच्याकडं मेंढरावाणी हिंडत्यात. आपण खूश झालात. लग्न झालं. तो शब्द मी विसरलो, आपण विसरला नाहीत. आता व्याह्याला या म्हणायचं तर कसं आणि नको म्हणायचं तर कुठल्या तोंडानं, अशा पेचात आठ दिवस गेले. तेवढ्यात गावात जे घडलं ते सविस्तर कळवतो. वाचून आपणच काय ते ठरवावं.

नवा कायदा झाल्यापासून परवान्याशिवाय हरणाला हात लावता येत नाही, हे आपण जाणताच. तर वनखात्याकडून एक छापील तक्ता ग्रामपंचायतीत आला, आपल्या शिवारात हरणं किती ते भरून पाठवा म्हणून. ग्रामसेवकांनी सांगितलं की आकडा मोठा निघाला तर परवाने मिळतील आणि लहान निघाला तर बंदुका खुंटीला. (हे त्यांना कुणी सांगितलं ते त्यांनी सांगितलं नाही.) झालं, चावडीवर सभा भरली. आमच्या गावात शिकारी दोन. एक बापूसाहेब. त्यांच्याकडं बारा बोअरची बंदूक, खाकी टोपी आणि दुर्बीण. दुसरा दगडोबा. वय सत्तरीच्या पुढं, घरात ठासणीची जुनी बंदूक, आता तिच्यावर घरचे लोक पागोटं वाळत घालतात. बापूसाहेब उठून म्हणाले, हरणं तीनशेच्या खाली नाहीत, माझ्या हरभऱ्याचा चट्टामट्टा केला. दगडोबा बसल्या जागेवरून म्हणाला, "आरं बापू, येक बी न्हाई ऱ्हायलं. शेवटचं म्या मारलं, बहात्तरच्या दुष्काळाच्या आदी. त्याचं कातडं हाय घरात, ये बघायला."

मग जी जुंपली ती दुपार कलेपर्यंत. बापूसाहेब म्हणाले, मी रोज सकाळी बंदूक घेऊन जातो, रोज हरणं दिसतात, कधी दहा, कधी बारा, महिनाभराची बेरीज करा. दगडोबा म्हणाला, "आन् मारली किती?" यावर बापूसाहेबांनी दुर्बीण पुसायला घेतली. सभेत हशा पिकला. मी मागं खांबाला टेकून बसलो होतो आणि माझ्या मनात एक गोष्ट उजेडासारखी आली. बापूसाहेबांचा नेम आजवर एकदाही लागलेला नाही, त्यामुळं जी हरणं काल होती तीच आज असतात आणि उद्याही असणार. तीच ती मोजून त्यांची तीनशे झाली. दगडोबाचा नेम कधी चुकला नाही, त्यामुळं त्यानं जेवढी पाहिली तेवढी त्याच दिवशी कमी झाली. ज्याचा नेम चुकतो त्याच्या रानात हरणं उदंड आणि ज्याचा लागतो त्याच्या रानात शुकशुकाट. (शिवाय दगडोबाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. त्याला चावडीवरचा सरपंच दिसत नाही, माळावरचं हरीण कुठून दिसणार? पण हे त्याला कोण सांगणार.) प्रत्येक जुन्या शिकाऱ्याला वाटतं की शेवटचं हरीण आपणच मारलं. त्यात दुःख असतं आणि थोडी ऐटही असते.

शेवटी सरपंच म्हणाले, तिसऱ्याच माणसाला मोजू द्या. दोघांनीही माझंच नाव घेतलं. बापूसाहेबांना वाटलं, रखमाजी मोठ्या माणसाच्या शब्दाबाहेर जात नाही. दगडोबाला वाटलं, रखमाजी खोटं बोलत नाही. (सुपारीच्या दिवसाची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती.) मी माळकरी, हातात कधी बंदूक धरली नाही, आणि ललितेच्या सासरी शिकारी आहेत म्हणून शिकाऱ्यांचा द्वेषही नाही. असा माणूस दुसरा सापडला नाही. मी मान हलवली, आणि चावडीची पायरी उतरताना लक्षात आलं की आपल्याला तर मोजता येत नाही!

मोजता येत नाही म्हणजे शाळेत सातवीपर्यंत गणित शिकलो, पाढे अजून पाठ आहेत. पण जित्राबाचा आकडा तोंडातून काढायचा नाही, ही आपल्या धनगरांच्या घरातली जुनी चाल आपल्याला ठाऊक आहे. माझ्या आज्यापाशी केवढी तरी मेंढरं होती, केवढी ते त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही. मोजली की घटतात, असं तो म्हणायचा. सांजच्याला मेंढरं वाघरीच्या जाळीत शिरताना तो दारात उभा राहून फक्त तोंडं बघायचा, आणि कुणी विचारलं की सांगायचा, "सगळी आली." एखादी नसली तर नावानिशी हाक मारायचा. मला तेच शिकवलेलं. आता सरकारच्या कामाला आज्याचा नियम मोडायचा की आज्याच्या नियमानं सरकारचं काम करायचं? देवापुढं दिवा लावून बसलो. देव काही बोलला नाही, पण दिवा नीट जळला. मी दुसरा रस्ता धरला.

माझा धाकटा भाऊ पोपट अजून मेंढरं राखतो. त्याच्या कळपात मी घोंगडी पांघरून, वाकून, काठी टेकत मेंढरासारखाच निघालो. हरीण माणसाला बुजतं, मेंढराला बुजत नाही. पहिल्या दिवशी सकाळी रोटीच्या माळावर काही दिसलं नाही, नुसत्या लेंड्यांचा एक ढीग दिसला. (हरणं रोज येऊन एकाच जागी लेंड्या टाकतात. आमच्या गावातल्या काही माणसांनी हे शिकून घ्यावं.) ऊन अंगावर आलं आणि कुसळाच्या गवताला पाय फुटावेत तशी ती उभी राहिली. तिथंच होती हो, इतका वेळ! वाळल्या गवताचाच रंग, तीच हालचाल. काळी शेपटी मात्र एकसारखी हलते, जशी आपल्या विहीणबाईंची जपमाळ. पहिली पुढं आली ती एक कानफाटी मादी. तिच्या मागं डावं शिंग वाकलेला एक नर, त्याचं नाव मी वाकड्या ठेवलं. मग मागल्या पायानं लंगडणारी एक. मग दोघी बहिणी, एकमेकींची मान सोडून चरत नाहीत अशा. मग कपाळावर पांढरा टिळा असलेली, मग एक म्हातारी, मग तिघी पोटुशी. (आपण बोटं मोजू नयेत ही विनंती.)

दुसऱ्या दिवशी मी कुरकुंभच्या डोंगराखाली गेलो. तिथं कानफाटी! मागं वाकड्या, मागं लंगडी. तिसऱ्या दिवशी जिरेगावच्या ओढ्याला, म्हणजे पार दुसऱ्या अंगाला. तिथं म्हातारी पाणी पीत होती आणि दोघी बहिणी मला जुन्या ओळखीच्या माणसासारख्या बघत होत्या. व्याहीबुवा, तेव्हा उलगडा झाला. सगळ्या गावांची हरणं ती हीच. आमच्या माळावर तीनशे नव्हती, एकही नाही असंही नव्हतं. ही एवढीशी घरची माणसं असावीत तशी होती, आणि चार गावचं रान आपल्या चालण्यानं भरून टाकत होती.

मग ती गोष्ट घडली, जी मी अनसाबाईलाही नीट सांगू शकलो नाही. मी खाली बसून राहिलो, मेंढरं सावलीला पुढं गेली. पोटुश्या तिघींमधली एक चरत चरत माझ्याकडं आली. काठीभर अंतर राहिलं. तिनं घोंगडीचा वास घेतला. तिच्या डोळ्यात सगळा माळ उलटा दिसत होता, आभाळ खाली आणि मी वर. आणि तिच्या कुशीखालचं कातडं हललं. आतून एक इवलासा खूर उमटला आणि पुन्हा आत गेला, जसं कुणी दार लोटून बघावं, बाहेर कोण आहे. मी पन्नाशीला आलो, बिरोबाची पालखी खांद्यावर घेतली आहे, पण देव इतका जवळ आलेला मला आठवत नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. नाकातूनही आलं आणि मी शिंकलो. मग माळावर काही नव्हतं. गवत होतं.

चावडीवर ग्रामसेवक तक्ता उघडून बसले होते. दोन्ही शिकारी आजूबाजूला. किती, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "सगळी हायती." ग्रामसेवक शहाणे गृहस्थ, यवतचे. त्यांनी पुन्हा शांतपणे विचारलं, सगळी म्हणजे किती, आकड्याचा रकाना आहे. मी कानफाटीपासून सुरुवात करून एकेकीची ओळख सांगितली. ते म्हणाले, नावं नकोत, आकडा द्या. मी विचारलं, "पोटातली धरायची का न्हाई?" त्यांनी तक्ता खालीवर वाचला. पोटातल्यांचा रकाना नव्हता. हाच तक्ता आजूबाजूच्या आणखी पाच गावांना गेला होता आणि त्या पाच गावची बेरीज त्यांच्या कानावर आली होती, ती चारशेच्या घरात. मी म्हणालो, त्यात आमची लंगडी पाच वेळा असेल, बिचारीचा पाय दुखत असेल. मग त्यांनी आकड्याच्या जागी आडवी रेघ मारली आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं, "सगळी आहेत." बापूसाहेब मोठ्यानं म्हणाले, "बगा, म्या म्हनत व्हतो! सगळी म्हंजी तीनशेच की!" दगडोबा हसून म्हणाला, "सगळी म्हंजी उरल्याली. उरल्याली म्हंजी काय न्हाई." दोघंही जिंकले आणि चहा पिऊन घरी गेले. सरकारला काय समजलं ते अजून कळलेलं नाही.

तर आमच्या माळाची हकीकत ही अशी आहे. आपण धुळवडीला अवश्य यावं. पुरणपोळी होईल, आमच्या ओसरीवर मुक्काम होईल, मित्रांसाठी घोंगड्या मागून ठेवतो. एस. टी. चौफुल्याला बदलावी. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा असं या वयातही मागावंसं वाटतं.

आपला,
रखमाजी

ता. क. बंदूक मात्र घरी ठेवून यावं ही हात जोडून विनंती. सुपारीच्या दिवशी मी खोटं बोललो. तेव्हा मी माळावर एकही हरीण पाहिलं नव्हतं. याचा राग माझ्यावर काढावा, पोरीवर काढू नये. मित्रांना काय सांगायचं, असा प्रश्न पडेल. त्यांना सांगावं की आमच्यात घरची सून पोटुशी असताना घरचा कर्ता हत्यार उचलत नाही. ही चाल आपल्याकडंही आहेच.

दुसरी ता. क. वरचं वाचून आपण चमकला असाल. ललितेला तिसरा महिना आहे. संक्रांतीला आली होती तेव्हा आईच्या कानात सांगून गेली. तिकडं सांगायला लाजते. विहीणबाईंना पेढे मी स्वतः घेऊन येतो.

तिसरी ता. क. ललिते, ही ओळ मोठ्यानं वाचू नकोस. मामंजींचा चष्मा फुटल्यापासून त्यांची पत्रं तूच वाचतेस आणि कार्डंही तूच लिहितेस, अक्षर मी ओळखलं. वरच्या दोन ता. क. वाचताना तुझी जीभ अडखळली असेल, किंवा तू पत्र घडी घालून "संपलं मामंजी" असं म्हणालीही असशील. तसं केलं असशील तर मी रागावणार नाही, धुळवडीला पाच माणसं आणि एक बंदूक आली की समजेन. पण अजून घडी घातली नसेल, तर बाळ, पदर डोक्यावर घे, पाणी पी आणि पहिल्या ता. क. पासून पुन्हा वाच. या वेळी जरा मोठ्यानं.